सायकलीचा वाकलेला चिमटा

स्वयंपाकघरातील चिमटा आणि सायकलीचा चिमटा यांच्यात नावापलीकडेही एक साम्य आहे. दोहोंना दोन पाय असतात आणि त्या पायांच्या बेचक्यात जे धरलेले असते ते सुटू नये, एवढीच दोहोंकडून अपेक्षा असते. घरातील चिमटा वाकडा झाला तर भाकरी निसटते, फार तर बोट भाजते. सायकलीच्या चिमट्याचे तसे नाही. त्याच्या बेचक्यात पुढचे चाक असते, आणि त्या चाकाच्या भरवशावर स्वाराने आपला जीव रस्त्यावर घातलेला असतो. सायकलीचा हा भाग वाकला म्हणजे तो सरळ करावा की बदलावा, बदलावयाचा तर नवा कसा निवडावा आणि कसा बसवावा, हा प्रश्न वरकरणी कारागिराचा आहे. परंतु त्याचे उत्तर जाणून घेणे सायकल बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

हा विषय बंगळूरच्या संदर्भात पाहणे सोयीचे ठरेल. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे १६३८ पासून मराठी माणसाच्या परिचयाचे झालेले हे शहर विसाव्या शतकाच्या मध्यात कारखान्यांचे शहर बनले. शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने १९४० मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. पुढे १९४८ मध्ये टेलिफोनची यंत्रे बनविणारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सरकारी कारखाने उभे राहिले. हे कारखाने जुन्या वस्तीपासून मैलोगणती दूर होते, आणि त्या काळच्या कामगाराच्या आवाक्यातील स्वतःचे वाहन म्हणजे सायकल. मोटारी आणि मोटारसायकली यांनी रस्ते व्यापल्यानंतर सायकलींची संख्या रोडावली, शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेंगळुरू झाले, सारे चित्रच पालटले. तथापि त्या पिढीच्या काळ्या, भारदस्त, पोलादी सायकलींपैकी काही अजून घरांच्या जिन्याखाली उभ्या आहेत, आणि काही तर अजून रोज रस्त्यावर धावतात.

अशाच एका घरातील प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. घर मराठी, दोन पिढ्यांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन स्थिरावलेले. आजोबा एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी तरुणपणी विकत घेतलेली २४ इंची चौकटीची विलायती सायकल आता नातू चालवितो. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी आणि खड्डा यांतील भेद कळत नाही. नातवाचे पुढचे चाक पाण्याखालच्या खड्ड्यात गेले, तो हँडलवरून पुढे फेकला गेला, गुडघे फुटले, परंतु हाडे शाबूत राहिली. सायकल उचलून पाहतो तो पुढचे चाक मागे सरकून चौकटीच्या तिरक्या दांड्याला जवळजवळ टेकलेले. आता घरात तीन मते पडतात. शेजारी म्हणतो, “मोडीत घाला.” कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणतो, “नळी घालून ओढतो, दहा मिनिटांत सरळ होईल.” आणि आजोबा म्हणतात, “चिमटा बदलल्याशिवाय या सायकलीवर पोराने बसावयाचे नाही.” यांपैकी कोणाचे म्हणणे खरे, हे ठरविण्यापूर्वी चिमट्याची रचना समजावून घेतली पाहिजे.

चिमट्याचे तीन अवयव असतात. खाली दोन पाय, ज्यांच्या टोकाच्या खाचांत चाकाचा आस बसतो. मध्ये खांद्यासारखा जाड भाग, ज्यात हे दोन पाय एकत्र येतात. त्याला मुकुट म्हणावे. आणि त्याच्यावर एक सरळ नळी, जी चौकटीच्या पुढच्या आखूड उभ्या नळीतून आरपार वर जाते आणि हँडलचा दांडा आपल्या पोटात घेते. ही वरची नळी म्हणजे चिमट्याची मान. चौकटीच्या उभ्या नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी पोलादी वाट्या असून त्यांत छर्रे फिरतात. त्या छर्‍यांच्या दोन वलयांमध्ये मान वळते, म्हणून हँडल वळते. हे सारे भाग जुन्या सायकलींत पितळी झाळ देऊन एकमेकांना जोडलेले असतात.

चिमट्याचे पाय सरळसोट नसून खालच्या टोकाशी पुढे झुकलेले असतात. हा बाक शोभेसाठी नाही. चौकटीची पुढची नळी उभी नसून मागे कललेली असते. जुन्या सायकलींत हा कल जमिनीशी सुमारे ६८ अंशांचा कोन करतो. या नळीची रेषा मनाने जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाक जेथे जमिनीला टेकते त्याच्या थोडी पुढे टेकेल. म्हणजे चाकाचा जमिनीवरचा टेक हा वळण्याच्या रेषेच्या मागे राहतो. या अंतराला सोयीसाठी ‘माघार’ म्हणू. इस्पितळातील ढकलगाडीची लहान चाके गाडी ज्या दिशेने ढकलावी त्या दिशेला आपोआप वळतात, ती याच तत्त्वामुळे. सायकलीत माघार फार मोठी झाली तर हँडल जड होते, फार कमी झाली तर ते चंचल होते. कारखानदार नळीचा कल आणि पायांचा बाक यांचा मेळ घालून ती नेमकी ठेवतो. जुन्या २८ इंची चाकाच्या सायकलीत ६८ अंशांचा कल आणि साडेसात सेंटिमीटरचा बाक धरला, तर माघार सुमारे सहा सेंटिमीटर येते.

सायकल तोल कसा सांभाळते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने चालविताच येऊ नये अशी सायकल बनविण्याचा प्रयत्न करून त्याचे निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध केले. चाकाच्या भ्रमणातून निर्माण होणारा स्थिरतेचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या दुसऱ्या चाकाने रद्द करूनही त्याला सायकल चालविता आली. परंतु पुढचे चाक बरेच पुढे नेऊन माघार नाहीशी केली तेव्हा ती सायकल सांभाळणे फारच कठीण झाले. पुढे २०११ मध्ये हॉलंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी माघार नसलेली आणि भ्रमणाचा परिणाम रद्द केलेली, तरीही आपणहून तोल सांभाळणारी एक प्रायोगिक दुचाकी करून दाखविली, आणि वजनाची वाटणीही या बाबतीत महत्त्वाची असते हे सिद्ध केले. म्हणजे माघार हे एकच रहस्य नव्हे. परंतु कारखान्यात एका मापाने बनलेल्या सायकलीत ते माप अपघाताने बदलले तर तिचा स्वभाव बदलतो, याविषयी शंका राहत नाही.

समोरून धक्का बसला की पाय मागे दबतात आणि बाक नाहीसा होतो. वरच्या उदाहरणात चाक अडीच सेंटिमीटर मागे गेले तर सहा सेंटिमीटरची माघार सुमारे नऊवर जाते. हँडल जड वाटू लागते, हळू चालविताना ते एका बाजूला कलंडू पाहते, वळताना पायाचा अंगठा मडगार्डला अडतो. पाय मागे न जाता एका बाजूला वाकला असेल तर सायकल सतत त्या बाजूला ओढ घेते आणि हात सोडण्याची सोय उरत नाही. जुन्या सायकलींना तारेऐवजी सळ्यांचे ब्रेक असत. त्यांत घोड्याच्या रिकिबीसारखी एक चौकट वर ओढली जाऊन तिचे रबराचे ठोकळे चाकाच्या कडीला आतून दाबतात. चिमटा मागे गेला की हे ठोकळे कडीवर सपाट बसत नाहीत आणि ब्रेक अर्धाच लागतो. म्हणजे जी सायकल सांभाळणे अवघड झाले, तीच नेमकी थांबविणेही अवघड होते.

येथवर वर्णिलेले दोष डोळ्यांना दिसणारे आहेत. खरा धोका न दिसणारा असतो. मुकुटापासून आसापर्यंतचे अंतर सुमारे चाळीस सेंटिमीटर असते. आसावर बसलेला धक्का या लांबीच्या तरफेने मुकुटाशी कित्येक पटींनी वाढून पोहोचतो, आणि मान जेथे मुकुटातून निघते तेथे सर्वांत अधिक ताण पडतो. त्यामुळे अनेकदा पाय बाहेरून थोडेच वाकलेले दिसतात आणि मान मात्र चौकटीच्या नळीच्या आत, नजरेआड, वाकलेली असते. याची एक खूण आहे. पुढचे चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. एका ठिकाणी ते सैल आणि दुसऱ्या ठिकाणी घट्ट लागत असेल, तर मान वाकली आहे किंवा वाट्या तिरक्या झाल्या आहेत असे समजावे.

चिमटा वाकला आहे की नाही याची दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. सायकल सपाट जागी उभी करून बाजूने पाहावे. चौकटीच्या पुढच्या नळीची मध्यरेषा खाली वाढविली तर ती चिमट्याच्या पायांच्या वरच्या, सरळ भागाच्या मधोमध जावयास हवी आणि बाकाशी येऊन पाय रेषेच्या पुढे निघावयास हवेत. लांब सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरला की फरक तत्काळ कळतो. मग समोरून पाहावे. चाक दोन्ही पायांच्या मधोमध आहे काय आणि मागच्या चाकाशी एका रेषेत आहे काय. चाकच वाकडे झालेले असेल तर ते उलटे बसवून पाहावे. दोष बाजू बदलतो तर तो चाकाचा. त्याच बाजूला राहतो तर तो चिमट्याचा.

यानंतर चौकट तपासणे अगत्याचे आहे, कारण चौकटच गेली असेल तर नवा चिमटा आणून उपयोग नाही. समोरच्या धक्क्याने आडवा आणि तिरका असे दोन्ही दांडे पुढच्या नळीला जेथे जोडलेले असतात, त्याच्या थोडे मागे, खालच्या अंगाला चुणी पडते. रंग भेगाळलेला किंवा पोपडा निघालेला दिसला तर तेथे बोट फिरवावे. उंचवटा हाताला लागतो. मग एक दोरा मागच्या चाकाच्या खाचेपासून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा आणि बैठकीच्या उभ्या दांड्यापासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. ते सारखे असेल तर चौकट सरळ आहे. चुणी पडलेली चौकट मात्र कुशल कारागिराच्या हाती द्यावी किंवा तिचा मोह सोडावा. शेजाऱ्याचा मोडीत घालण्याचा सल्ला फक्त याच प्रसंगी योग्य ठरतो.

चौकट शाबूत आहे असे धरले, तर उरतो दुरुस्तीवाल्याचा प्रस्ताव. तो सर्वस्वी अडाणीपणाचा नाही. पोलाद हा सोशिक धातू आहे. थोडा वाकला तर तो थंड स्थितीतच परत वळविता येतो, आणि मोडण्यापूर्वी बहुधा वाकून सूचना देतो. पायांच्या खालच्या भागात किंचित वाक आला असेल, मान आणि मुकुट निर्दोष असतील, तर जाणता कारागीर तो सरळ करू शकतो. ज्याचे दिवसाचे पोट सायकलीवर चालते, अशा दूधवाल्याच्या किंवा वर्तमानपत्रे टाकणाऱ्याच्या दृष्टीने या दहा मिनिटांच्या दुरुस्तीचे मोल मोठे आहे. तथापि यालाही मर्यादा आहेत. धातू एकदा वाकून पुन्हा सरळ केला की त्या जागी तो अधिक कठीण आणि ठिसूळ होतो. चमचा चारदोन वेळा वाकवून सरळ केला म्हणजे तो तेथेच तुटतो, हा अनुभव लहान मुलांनाही असतो. वाकलेला भाग भट्टीत लाल करून सरळ करणे तर अधिकच वाईट. त्याने कारखान्यात ओढून कणखर केलेली नळी नरम पडते आणि जवळच्या सांध्यातील पितळी झाळ बिघडण्याचा संभव असतो. म्हणून नियम असा की मान वाकली असेल, मुकुटाशी केसाएवढी भेग असेल, पाय चुरमडले असतील किंवा चिमटा पूर्वी एकदा सरळ केलेला असेल, तर तो बदलावाच. मागचा भाग मोडला तर सायकल बसते. पुढचा चिमटा मोडला तर स्वार डोक्यावर आपटतो. आजोबांचा आग्रह या एका वाक्यात येतो.

नवा चिमटा घ्यावयाचा म्हणजे दुकानात जाऊन “एक चिमटा द्या” एवढे म्हणून भागत नाही. जुना चिमटा काढून तोच नमुना म्हणून बरोबर न्यावा. बंगळुरात सिल्व्हर ज्युबिली पार्क रोडच्या आसपास लोखंडी सामानाची आणि हत्यारांची मोठी पेठ आहे. पुण्यात, मुंबईत आणि नागपुरातही अशा पेठा आहेत. तेथे गेल्यावर पाच मापे पडताळून पाहावयाची असतात.

पहिले माप चाकाचे. ज्याला आपण २८ इंची म्हणतो त्या दीड इंच रुंद टायरच्या कडीचा बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. याच ‘२८’ या नावाखाली वेगळ्या मापाची चाकेही मिळतात. म्हणून नावावर न जाता टायरच्या बाजूवर छापलेला आकडा पाहावा. दुसरे माप मुकुटापासून आसापर्यंतच्या उंचीचे. नवा चिमटा दोन सेंटिमीटरनी अधिक उंच असला तर सायकलीचे नाक वर होऊन पुढच्या नळीचा कल सुमारे एक अंशाने बदलतो. एक अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतो, परंतु हँडलच्या वागणुकीत तो जाणवतो. पायांचा बाकही जुन्या, न वाकलेल्या चिमट्याइतकाच असावा.

तिसरे माप मानेच्या लांबीचे. चौकट जितकी उंच तितकी तिची पुढची नळी लांब असते. म्हणून २२ इंची चौकटीचा चिमटा २४ इंची चौकटीला आखूड पडतो. लांब मान कापून आखूड करता येते, आखूड मान लांब करता येत नाही. परंतु कापतानाही विवेक हवा. मानेच्या वरच्या भागावर आटे कोरलेले असतात आणि आटे कोरलेल्या ठिकाणी नळीची भिंत पातळ झालेली असते. फार लांब आट्यांचा चिमटा आणून तो कापला तर हँडलच्या दांड्याची पाचर नेमकी त्या पातळ भागावर ताण देते आणि तेथे मान फाटण्याचा संभव असतो. आटे गरजेपुरते असावेत; पाचर बसते ती जागा सपाट आणि पूर्ण जाडीची असावी.

चौथे माप आट्यांचे, आणि जुन्या सायकलींचे मालक बहुधा येथेच फसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील सायकल इंजिनिअरांच्या संस्थेने सायकलीच्या आट्यांची मापे ठरवून दिली. तीनुसार एक इंच जाडीच्या मानेवर इंचाला २४ आटे असतात. परंतु नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपल्या अनेक सायकलींवर इंचाला २६ आट्यांची स्वतःची रीत चालविली. जाडी तीच, आटे मात्र बारीक. २४ आट्यांची नट २६ आट्यांच्या मानेवर दोन-तीन फेरे सुखाने चढते आणि मग अडते. तेथे अडाणी कारागीर पान्याला लांब नळी लावून जोर करतो आणि दोन्हींचे आटे चिरडून टाकतो. विलायती सायकल असेल तर आटे मोजावयाच्या दातेरी पट्टीने ते मोजूनच घ्यावेत. ती पट्टी नसेल तर जुन्या आणि नव्या मानेचे आटे एकमेकांत अडकवून उजेडापुढे धरावेत. ते एकमेकांत चपखल बसले आणि मधून प्रकाश दिसला नाही, तर माप एकच आहे. भारतात तयार झालेल्या सायकलींबाबतही अंदाजावर विसंबू नये, कारण आपल्याकडील कारखाने विलायती घराण्यांशी सहकार्य करून उभे राहिले होते. १९४९ मध्ये मद्रासेत स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सचे सहकार्य इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सशी होते, तर आसनसोलच्या सेन-रॅलेचे नावच आपल्या विलायती भागीदाराची ओळख सांगते.

पाचवे माप खाचांचे आणि खालच्या वाटीच्या बैठकीचे. जुन्या विलायती चाकांचे आस पुढे मिळणाऱ्या आसांपेक्षा किंचित बारीक आणि तुंबे किंचित अरुंद असतात. नव्या चिमट्याच्या खाचा त्यांना सैल पडतात किंवा पाय आत ओढावे लागतात. थोडा फरक वॉशर घालून मिटतो, फार असेल तर दुसरा चिमटा पाहावा. मुकुटावर खालच्या छर्‍यांची कडी जेथे घट्ट बसते, त्या जागेचा व्यासही मोजावा. निरनिराळ्या पद्धतींत तो अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने बदलतो, आणि येथे अर्धा मिलिमीटर हे मोठे अंतर आहे. शेवटी सळीच्या ब्रेकची चौकट आणि मडगार्ड यांसाठी लागणारी भोके व पट्ट्यांची जागा नव्या चिमट्यावर आहे ना, हे पाहिले की खरेदी पुरी झाली.

आता बसविण्याचा क्रम. प्रथम चाक, मडगार्ड आणि ब्रेकच्या सळ्या उतरवाव्यात. सळ्यांचे सांधे सोडण्यापूर्वी त्यांच्या जागांवर खडूने खुणा कराव्यात, म्हणजे जोडताना घोटाळा होत नाही. मग हँडलच्या मधला बोल्ट चार-पाच फेरे सैल करावा, परंतु पूर्ण काढू नये. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका द्यावा. आतली पाचर सुटून खाली जाते आणि हँडल वर निघते. जुन्या सायकलीत गंजामुळे ते निघत नसेल तर सांध्यात तेल सोडून रात्रभर थांबावे. येथे घाई केली तर हँडलही जाते.

हँडल निघाल्यावर वरची कुलूप-नट सोडावी, तिच्याखालचा वॉशर काढावा आणि वरची वाटी हाताने फिरवीत सोडीत न्यावी. ती पूर्ण सुटण्यापूर्वी एका हाताने चिमटा खालून धरावा आणि जमिनीवर जुने धोतर किंवा चादर पसरावी. कारण छर्रे मोकळे असतील तर ते दाण्यांसारखे विखुरतात. ते सर्व गोळा करून वरचे आणि खालचे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत आणि मोजावेत. त्यांचा व्यास सामान्यतः पाच-बत्तिसांश इंच, म्हणजे सुमारे चार मिलिमीटर असतो. तथापि नवे घेताना जुन्याच्या मापानेच घ्यावेत, आणि घ्यावयाचे ते सर्व नवे. झिजलेले आणि नवे छर्रे एकत्र घातले तर सारा भार नव्यांवर पडतो. वाट्या रॉकेलने धुऊन उजेडात पाहाव्यात. छर्‍यांच्या वाटेवर खड्ड्यांची माळ उमटली असेल तर वाट्याही बदलाव्यात. जुन्या चिमट्याच्या मुकुटावरची कडी हलक्या ठोक्यांनी, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, सारखी वर आणीत काढावी. नव्या चिमट्यावर ती बसविताना रुंद तोंडाची लोखंडी नळी वापरून चहूबाजूंनी समान ठोकावी. ती तिरकी बसली तर पुढचे सारे श्रम फुकट जातात.

वाट्यांत ग्रीस भरपूर भरावे. ते छर्‍यांना जागेवर धरून ठेवते आणि पावसाळ्यात पाण्याला अटकाव करते. छर्रे वाटीत मांडताना शेवटचा एक छर्रा बसेल एवढी जागा मोकळी राहू द्यावी. गच्च भरलेले छर्रे एकमेकांना घासतात. मग चिमटा खालून सरळ वर चढवावा आणि वरची वाटी हातानेच फिरवावी. तिला पाना लावावा लागत असेल तर आटे चुकले आहेत असे समजून तेथेच थांबावे. वाटी टेकली की चिमटा पुढेमागे हलवून पाहावा. खडखड असेल तर थोडी आवळावी, वळताना अडखळत असेल तर थोडी सैल करावी. खडखड नाही आणि अडखळणेही नाही, असा एक नेमका बिंदू असतो. तो सापडला की वाटी एका पान्याने धरून दुसऱ्याने वरची कुलूप-नट घट्ट करावी, आणि पुन्हा एकदा तपासावे, कारण नट आवळताना वाटी थोडी सरकतेच.

हँडलच्या दांड्याला ग्रीस लावून तो आत घालावा. तो निदान साडेसहा-सात सेंटिमीटर आत असावा; दांड्यावर खुणेची रेषा असेल तर ती दिसता कामा नये. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल त्याच्याशी काटकोनात आणावे आणि बोल्ट आवळावा. चाक, मडगार्ड आणि ब्रेक पूर्वीच्या खुणांप्रमाणे जोडावेत. ब्रेकचे ठोकळे कडीवर सपाट टेकतात की नाही ते डोळ्यांनी पाहावे. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी, मग पुढचे चाक दोन-तीन बोटे उचलून सोडून द्यावे. खट असा एकच भरीव आवाज आला तर काम ठीक झाले. खणखणाट झाला तर काही तरी सैल आहे. प्रथम निर्जन सपाट रस्त्यावर हळू चालवून पाहावे. नवे भाग आपापल्या जागी बसतात तेव्हा थोडे सैल पडतात, म्हणून आठवड्याने सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. पहिल्या आवळणीवर विसंबून राहिल्याने चांगले कामही नंतर बिघडते.

हा सारा उद्योग एका दिवसाचा आहे. त्याला लागणारी हत्यारे दोन-तीन पाने, हातोडी आणि पट्टी, एवढीच. तरीही तो दुर्मिळ होत चालला आहे, याचे कारण हत्यारे नव्हेत, माणसे होत. मुंबईची हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले हे दोन्ही कारखाने १९८० मध्ये सरकारने ताब्यात घेतले, परंतु ते पूर्वपदावर येऊ शकले नाहीत. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलासच्या साहिबाबादच्या कारखान्यातील काम जून २०२० मध्ये थांबले. साध्या पोलादी सायकली अजून बनतात आणि विकल्याही जातात. परंतु जुनी सायकल खोलून तिचा दोष नेमका सांगणारा, आटे बोटांनी ओळखणारा, आणि “हे सरळ करू नका, बदला” असे स्वतःची दहा मिनिटांची मजुरी सोडून सांगणारा कारागीर कोपऱ्याकोपऱ्यावर भेटत नाही. जेथे तो भेटतो, तेथे त्याच्याजवळ बसून हे काम पाहणे आणि एकदा आपल्या हातांनी करणे हाच ते टिकविण्याचा मार्ग आहे.

बंगळूरच्या त्या घरातील आजोबांचे डोळे आता बारीक आटे मोजण्याइतके तीक्ष्ण राहिले नसतील. परंतु जुनी आणि नवी मान उजेडापुढे कशी धरावी, हे ते नातवाला सांगू शकतात. नातू चिमटा धरील, आजोबा ग्रीसचा डबा पुढे करतील, आणि वाटी टेकल्यावर अडखळणे कोठे संपते व खडखड कोठे सुरू होते हे त्या मुलाला प्रथमच बोटांना कळेल. काम संपल्यावर वाकलेला जुना चिमटा कोणाच्याही हाती लागून पुन्हा कोणा सायकलीला बसविला जाऊ नये, म्हणून त्याची मान करवतीने कापून मगच तो मोडीत द्यावा, एवढी शेवटची सूचना आजोबा करतील. ज्याला आपण ओळखत नाही अशा एखाद्या स्वाराचा जीव त्या सूचनेने वाचेल.